काचेसारख्या पाण्यात पोपटी मासा

पत्र : ताई, मी इंदूरला लोकमान्यनगरात राहतो, वय ६६. मुलगा मिशिगनला, डेट्रॉइटजवळ असतो. जूनमध्ये आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी तिकडे निघालोय. मागच्या खेपेला मुलाच्या शेजाऱ्यानं लेक सेंट क्लेअरवर बास नावाचा मासा धरायला नेलं होतं. पाणी इतकं नितळ की तळचं गवत मोजावं, आणि खोली म्हणाल तर दीड-दोन पुरुष. त्यानं दिलेले क्रँकबेट, म्हणजे गळ लावलेले नकली मासे, फेकले. पाच गवतात अडकून तुटले, मासा एक नाही. अकरा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, मासे हसतायत तुम्हाला." यंदा तयारीनिशी जायचं म्हणून ऑनलाइन वीस क्रँकबेटचा डबा मागवला. पोपटी, नारिंगी, गुलाबी, सगळे आहेत, आत छर्रे वाजतात. फोटो जोडलाय. यातले कोणते नेऊ? आणि सौ. विचारते, घरात अंडं शिजत नाही तर हे कशाला? तिला काय सांगू?
– गळवाले आजोबा

काका, नमस्कार.

फोटो दोनदा मोठा करून पाहिला. स्पष्टच सांगते, त्या विसातले दोन न्या. खालच्या ओळीतला डावीकडून तिसरा, तो चंदेरी अर्धपारदर्शक, आणि त्याच्या शेजारचा मातकट तपकिरी. बाकीचे अठरा गढूळ पाण्याचे आहेत. श्रावणात आपल्या काळ्या मातीचं पाणी तलावात उतरलं की जसा चहा होतो, तशा पाण्यात पोपटी रंग आणि खुळखुळा यांचा उपयोग आहे. सेंट क्लेअरवर ते म्हणजे सकाळी सहाला गल्लीत बँड.

मी त्या भागात बारा वर्षं काढली आहेत. लहानपणी बाबांबरोबर खेडीघाटला कणकेच्या गोळ्या लावून नर्मदेत गळ टाकलेला, त्यामुळे मासेमारी येते असा माझाही समज होता. पहिल्या उन्हाळ्यात मीही तुमच्यासारखीच रंग बघून खरेदी केली. एक नारिंगी क्रँकबेट इतका देखणा होता की दुकानातून घरी येईस्तोवर मांडीवर ठेवला होता. त्यानं अख्ख्या मोसमात एक मासा दिला, तोही पाऊस पडून गेल्यावर कालव्याच्या तोंडाशी, जिथं पाणी गढूळलं होतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आधी पाण्याचं सांगते, कारण तुमच्या पाच तुटलेल्या लूरांचं, म्हणजे नकली आमिषांचं, उत्तर तिथं आहे. सेंट क्लेअर काही पहिल्यापासून इतका नितळ नव्हता. १९८८ मध्ये त्याच तलावात झेब्रा शिंपला सापडला. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूचा, जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आलेला, नखाएवढा पट्टेरी प्राणी. एकेक शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळतो, आणि त्यांची संख्या मोजण्यापलीकडची. पाणी निवळलं, ऊन तळापर्यंत पोचायला लागलं आणि तळावर गवत माजलं. तलावाची सरासरी खोली ११ फूट, म्हणजे बोटींचा खोदलेला मार्ग सोडला तर सगळीकडे उथळच. तेव्हा तुमच्यापुढे दोन गोष्टी आहेत. मासा तुम्हाला बघतो, आणि गवत तुमचा लूर धरतं. गवताचं आधी बघू.

क्रँकबेट हातात घेतलात की रंग विसरा आणि तोंडापुढची प्लास्टिकची जीभ बघा. तिकडे तिला लिप म्हणतात, कुणी बिल म्हणतं. ओढताना पाणी त्या जिभेवर आपटतं, लूर खाली मुंडी घालतो आणि डावी-उजवीकडे हलत खाली जातो. जीभ लांब आणि नाकाच्या रेषेत सरळ पुढे आलेली असेल तर लूर खोल जाणार. आखूड आणि खाली झुकलेली असेल तर वरवर पोहणार. पाकिटावर खोली फुटांत लिहिलेली असते, पण तो आकडा लांब फेक आणि विशिष्ट जाडीची लाईन, म्हणजे गळाची दोरी, धरून काढलेला असतो. लाईन जाड असेल तर पाणी तिला अडवतं आणि लूर फूट-दीड फूट वरच राहतो.

आता हिशोब करा. समजा बोटीखाली ९ फूट पाणी आहे आणि तळापासून ४ फूट गवत उभं आहे. राहिलं ५ फूट. तुमचा लूर साडेचार ते पाच फुटांवरून गेला पाहिजे, म्हणजे गवताच्या शेंड्यांना पोट घासत. तीन फुटांवरून गेला तर गवतात दबा धरून बसलेला बास इतक्या वर येण्याची तसदी बहुधा घेत नाही. आठ फुटांवर गेला तर तुम्ही मासेमारी करत नाही आहात, निंदणी करताय. त्या शेजाऱ्यानं दिलेल्या पाच लूरांची जीभ आठवून बघा. अंगठ्याच्या पेराहून लांब होती ना? भला माणूस आहे, पण खोल पाण्याचे लूर तुमच्या हातात दिले त्यानं.

म्हणून पहिली खरेदी आखूड चौकोनी जिभेच्या क्रँकबेटची, ज्याला स्क्वेअरबिल म्हणतात. लांबी दोन-सव्वादोन इंच, वजन १० ते १२ ग्रॅम, पाकिटावर ३ ते ५ फूट लिहिलेलं. त्याच्या जिभेचे कोपरे लाकडाला, दगडाला आपटले की लूर उसळून बाजूला होतो, गळ अडकायच्या आत. आणि तरंगणाराच घ्या. तरंगणाऱ्याचा फायदा असा की गवत लागल्याचं हाताला कळलं, छडीत जडपणा आला, की रीळ थांबवायचं. तो आपोआप वर सुटतो. तुम्ही मागच्या वेळी काय केलं असणार ते मला न बघता सांगता येतं. अडकल्यावर जोर लावून ओढलंत. नर्मदेत कणकेचा गळ दगडात अडकला की आपण तेच करायचो.

एक अपवाद आहे. गवताचं नुसतं टोक लागलं असेल तर मनगटाचा एकच छोटा झटका द्यावा. लूर टणकन सुटतो, पुढे उडी घेतो, आणि कितीतरी वेळा बास त्याच क्षणी मारतो. लूरच्या मागे लागूनसुद्धा जो मासा नुसता बघत होता, तो त्या उडीला भुलतो. हे सांगून येत नाही. दहा वेळा गवत हाताला लागू द्या, कुठला झटका आणि कुठला थांबा ते मनगट शिकतं.

दुसरा लूर जीभ नसलेला, लिपलेस. चपटा, पातळ, लाईन पाठीवर बांधायची. हा बुडतो, त्यामुळे खोली तुमच्या हातात राहते. फेकला की मनात आकडे मोजायचे आणि मग ओढायचं. गवत पृष्ठभागापासून दोन फुटांपर्यंत आलेलं असेल तिथं पाण्यात पडल्या-पडल्या ओढायला लागायचं. ७ ग्रॅमचा छोटा घ्या. हे बहुतेक खुळखुळे असतात. शोधलात तर मुके किंवा एकाच मोठ्या छर्र्याचे, ठक-ठक असा जाड आवाज करणारेही मिळतात. नितळ पाण्यात ते बरे. गढूळ पाण्यात बास कानानं आणि अंगावरच्या कंप जाणणाऱ्या रेषेनं शिकार शोधतो, तिथं आवाज हवा. स्वच्छ पाण्यात तो डोळ्यांनी शोधतो. डोळ्यानं दिसणाऱ्या वस्तूला हाका मारायची गरज नाही.

हलण्याचंही तसंच. गोलमटोल पोटाचा लूर ढुंगण हलवत, मोठे हेलकावे घेत जातो. चपट्या अंगाचा बारीक थरथरत जातो. तिसरा लूर म्हणून असा एक चपटा, आखूड जिभेचा घ्या आणि वारा नसेल, पाणी आरशासारखं असेल, त्या सकाळी तोच बांधा. फिनलंडच्या लॉरी रापालानं १९३६ मध्ये बुचाचा लूर कोरला, वर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला, तो एवढ्याच निरीक्षणावर की मोठा मासा थव्यातला किंचित वाकडा पोहणारा मासा आधी उचलतो. किंचित हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे.

रंगाकडे आले, कारण तुम्ही त्यावर पैसे घातले आहेत आणि मीही घातले होते. तिथला बास काय खातो ते बघा : पर्च, म्हणजे पिवळसर अंगावर काळपट उभे पट्टे असलेला मासा, गोबी, तळाशी बसणारा तपकिरी ठिपक्यांचा, शायनर नावाचे हिरवट पाठीचे चंदेरी बारके मासे, आणि क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला कोळंबी-खेकड्याच्या मधला प्राणी. बस, यातले तीन रंग. अर्धपारदर्शक चंदेरी, फिकट पर्च, मातकट तपकिरी. फिकट म्हणजे खरोखर फिकट. दुकानात दहा पर्चरंगी लूर टांगलेले असतील तर त्यातला सर्वांत मरगळलेला उचला. ऊन लख्ख असेल तर पारदर्शक, ढग असतील तर थोडा भरीव रंग.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये लार्जमाउथ जातीच्या बासच्या डोळ्यांवर काम प्रसिद्ध केलं. त्याला लाल आणि हिरवा छान ओळखू येतात, पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ होतो, गडद निळा आणि काळा यांतही. म्हणजे तुमच्या डब्यातले ते पाच वेगवेगळे पोपटी-पिवळे आपण पाच मोजतो. माशाच्या दृष्टीनं त्यांत फारसा फरक नसावा.

आता मासा तुम्हाला बघतो त्याचं. इथं लूरपेक्षा तुमच्या वागण्याला जास्त मार्क आहेत. लांब फेका, निदान २५ ते ३० मीटर. बोटीच्या दहा मीटर परिघात जो बास आहे त्यानं तुमची टोपी केव्हाच पाहिलेली असते. पांढरा शर्ट नको, बोटीत उभं राहून हातवारे नकोत, आणि आपली सावली जिथं फेकायचं त्या बाजूला पडू देऊ नका. लाईन फ्लोरोकार्बनची, १० पौंडाची. साध्या नायलॉनपेक्षा तिची प्रकाश वाकवण्याची ताकद पाण्याच्या जवळची असते, म्हणून ती कमी दिसते, शिवाय बुडते, त्यामुळे लूर आपल्या पातळीवर टिकतो. छडी मऊ, मधोमध वाकणारी. ताठ छडीनं तीनतोंडी गळ माशाच्या तोंडातून निसटतो.

आणि ओढा भराभर. नातू काहीही म्हणो. नितळ पाण्यात सावकाश ओढलं की बासला लूर न्याहाळायला वेळ मिळतो. आपण सियागंजात हळद जशी चिमटीत धरून, उजेडात नेऊन, वास घेऊन बघतो तसा तो बघतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. त्याला विचार करायला वेळ देऊ नका. भराभर ओढा, मध्येच पळभर थांबा, पुन्हा ओढा. धडक त्या थांब्यावर किंवा थांबून निघताना येते. फक्त पाणी गार असेल, जूनच्या पहिल्या आठवड्यात असू शकतं, तेव्हा थांबे लांबवा.

वारा सुटला की मुलाला बोट काढायला लावा. हे मला फार उशिरा कळलं. मी शांत, निवांत सकाळी निवडायची, कारण मला त्या आवडायच्या. पाण्यावर बारीक लाटा उठल्या की पृष्ठभाग तुटतो, उजेड विस्कटतो, माशाला वरचं नीट दिसत नाही आणि लूर खोटा आहे हे उशिरा कळतं. नितळ उथळ पाण्यात क्रँकबेटचे दिवस ते. आरशासारखं पाणी आणि डोक्यावर ऊन असेल तर खरं सांगायचं तर क्रँकबेट ठेवून द्यावा आणि मऊ रबरी किडा बांधावा. शेजाऱ्याकडे असणार.

निघायला अजून वेळ आहे तर तुमच्या अंगणातल्या पाण्याच्या हौदाचा उपयोग करा. डब्यातले सगळे लूर एकेक करून सोडा. कोण तरंगतो, कोण बुडतो, कोण अधांतरी राहतो ते चिठ्ठीवर लिहा. मग वीतभर दोऱ्यानं हौदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. सरळ येतो की एका बाजूला कलंडत जातो? स्वस्त डब्यांतले निम्मे कलंडतात. दुरुस्ती सोपी आहे. नाकाशी तारेची कडी असते, ती चिमट्यानं अगदी कणभर वाकवायची, लूर डावीकडे पळत असेल तर उजवीकडे, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. कणभरच, मी एकदा जोर लावला आणि कडी डिंकासकट हातात आली. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढून बघा. नखात रुतलं तर धारदार, घसरलं तर बोथट. फोटोतले गळ पितळेसारखे चमकतायत, बहुतेक घसरतील. निवडलेल्या दोघांचे तरी बदला.

फेकण्याचा सराव गच्चीवर करता येतो. गळ सगळे काढून टाकायचे, पंधरा-वीस पावलांवर परात ठेवायची आणि परातीत पाडायचा. परात वाजली की सगळ्या गल्लीला कळतं, म्हणून दुपारी नको.

तलावावर जाऊन बघू असा मोह होईल, तो आवरा. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट माशांच्या विणीचा बंदीकाळ असतो, आणि यशवंतसागर, सिरपूर ही २०२२ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आहेत. परवानगी विचारल्याशिवाय गळ बाहेर काढू नका. आणि तिथं बास नाहीच. दुकानात सी-बास म्हणून जे मिळतं तो कोकणातला जिताडा. तुमचा मिशिगनचा बास सनफिशच्या कुळातला, याचा त्याचा संबंध नाही. अठरा उरलेले लूर मरळीवर चालतील, पण बंदी उठल्यावर, आणि जिथं मुभा आहे तिथं.

काकूंच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. माझ्या आईनं मला हेच विचारलं होतं आणि मी तिला "सोडून देते गं" असं सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी धरतेस कशाला?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. माशाला गळ लागतो तेव्हा त्याला काही होत नाही असं मी काकूंना सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. कमी त्रास होईल एवढं करता येतं. गळाचे उलटे काटे चिमट्यानं दाबून सपाट करा, मासाही पटकन सुटतो आणि नातवाचं बोटही. हात ओले करून मगच माशाला हात लावा. बासला खालच्या ओठाला धरून उचलतात, मोठा असला तर दुसरा हात पोटाखाली. पण तोंडात काय आहे ते बघितल्याशिवाय अंगठा घालू नका. सेंट क्लेअरमध्ये मस्की नावाचा हातभर लांब, करवतीसारख्या दातांचा मासा आहे, तोही क्रँकबेटवर येतो. काकूंना बोटीत बरोबर न्या असं मात्र सुचवीन. उन्हाची टोपी, डबा आणि विणकाम देऊन. माझी आई तिसऱ्या फेरीला स्वतःहून आली होती, मासे बघायला नाही, बगळे बघायला.

सामानाचं थोडक्यात. लूर चेक-इन बॅगेत, डब्यात, डब्याला रबर लावून; हातातल्या बॅगेत गळ नकोत. खरं तर दोनच नेताय तर बाकीचे तीन तिथंच घ्या, प्रत्येकी सहा ते दहा डॉलरांत चांगला मिळतो. मिशिगनमध्ये १७ वर्षांपासून पुढे मासेमारीचं लायसन्स लागतं, ऑनलाइन निघतं, पाहुण्यांना एका दिवसाचंही मिळतं. नातवाला लागत नाही. बास धरून लगेच सोडायला वर्षभर मुभा आहे, ठेवायचा असेल तर सेंट क्लेअरवर जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून, पण तुमच्या घरी तो प्रश्न नाही. त्या वर्षीचे नियम मुलाला एकदा बघायला सांगा. घरी परतताना बोट, दोर, लूर धुऊन पूर्ण वाळवा, शिंपल्याची पिल्लं दिसत नाहीत इतकी बारीक असतात आणि ओल्या वस्तूंवरून पुढच्या तलावात जातात.

हौदाच्या चाचणीचा निकाल कळवा. तो गुलाबी सरळ पोहतो का, याची मला उगाचच उत्सुकता आहे.